कॉर्फूची साठ जहाजं आणि आमची बस

अण्णा, आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. तेही कशावरून, तर अडीच हजार वर्षांपूर्वी कॉर्फू नावाच्या ग्रीक बेटानं लढाईला वेळेवर न पोचवलेल्या साठ जहाजांवरून. कुणाला सांगायलाही लाज वाटते. रविवारी मी तुमच्या वर्गातून तणतणत उठून गेले, आणि गुरुवारी सकाळी अक्कांचा फोन आला, "हे गेले गं." कॉफी पिता पिता खुर्चीतच तुम्ही मान टाकलीत.

शोकसभा होऊनही आता तीन दिवस झाले. तिथे मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी, जे तुम्ही असताना सांगायला हवं होतं ते. चार महिने होते माझ्याकडे. दर रविवारी तुम्ही समोर होतात. ऑफिसात माझ्या तोंडाला लागायला मॅनेजर घाबरतो, आणि तुमच्यापुढे माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही.

मी तुमच्याकडे आले ती मुक्तासाठी. बेंगळुरूत, महादेवपुऱ्याच्या आमच्या सोसायटीत पोरगी दिवसभर इंग्रजी आणि हिंदी बोलते. आठवड्यातून दोन तास तरी कानावर मराठी पडावी म्हणून तिला मराठी मंडळाच्या बसवनगुडीच्या सभागृहात घेऊन आले. मुक्ता तिसऱ्या रविवारी कंटाळली. मी तुमच्या इतिहासाच्या वर्गाला राहिले. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "कुठली गं तू?" मी म्हटलं, "नागपूरची. इथे जॉब करून राहिले." ते 'करून राहिले' तुम्हाला इतकं आवडलं की अक्कांना हाक मारून मला पुन्हा म्हणायला लावलंत. मला आला राग. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "स्वतः 'स्वल्प थांबा' म्हणतात, 'बरं'च्या जागी 'सरी सरी' करतात, तीन पिढ्या इथे राहून यांची मराठी पार कानडी झाली आहे, आणि हसतात मला!" पुढच्या रविवारी मी तुम्हाला तोंडावरच हे ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "सरी. मग दोघंही नापास." त्या दिवसापासून माझं तुमच्याशी जमलं.

आयुष्यभर सरकारी कारखान्यात गिअरची ड्रॉइंग काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर ग्रीक लोक घेऊन का बसतो, हे मला कधी कळलं नाही. एकदा विचारलं होतं, की आपला इतिहास कमी पडला का तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "आपल्या इतिहासात मी कुणाची ना कुणाची बाजू घेऊन बसतो गं. तिथे माझा कुणी नातेवाईक नाही. डोकं थंड राहतं." डोकं तुमचं थंड राहायचं, आमचं नाही. सभागृहाच्या लाल ऑक्साइडच्या फरशीवर तुम्ही खडूनं ग्रीसचा किनारा काढायचात आणि आम्हाला एकेका गावावर उभं करायचात. मी कायम अथेन्स, कारण माझा आवाज मोठा. आमच्या सोसायटीतल्या सुलभाकाकूंचे गुडघे धरलेले, म्हणून त्या खुर्चीत बसून स्पार्टा. बहात्तर वर्षांची बाई, पर्स मांडीवर घेऊन बसलेली, आणि तुम्ही म्हणायचात, "स्पार्टा, तुमचं काय म्हणणं?" त्या लाजून म्हणायच्या, "आम्ही आहोत हो, लढू." काय हसायचो आपण!

मग त्या बिल्डरचा प्रस्ताव आला. मंडळाची बैठी इमारत पाडायची, तिथे सात मजली कार्यालयं उठवायची, आणि सहाव्या मजल्यावर मंडळाला एक हॉल द्यायचा. अध्यक्ष त्याच्या बाजूचे, आणि निम्मं कार्यकारी मंडळही. नियम असा की सभासदांच्या सभेत मतदान, आणि मत द्यायचं तर स्वतः हजर राहायचं. तुमचा विरोध. जुनी बसवनगुडीची घरं तुमच्या मागे होती, पण ती किती उरली होती? आमच्यासारखे नवे सभासद, पुण्या-मुंबई-नागपूरचे, सगळे पूर्वेला, दोन तासांच्या अंतरावर. आणि आमचा तुमच्यावर राग. गणपतीत आमच्या मुलांच्या नाचाला तुम्ही रात्री साडेनऊची वेळ द्यायचात, लोक जेवून घरी गेल्यावर. तुमच्याकडचे लोक आम्हाला 'ऐटीवाले' म्हणायचे, तेही आमच्यादेखत.

तेव्हा तुम्ही ती गोष्ट काढलीत. मुद्दाम काढलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. इराणचा सम्राट एवढं मोठं सैन्य घेऊन येतोय. त्याचे दूत गावोगाव फिरतायत. मागणं काय, तर मूठभर माती आणि ओंजळभर पाणी. दिलं की तुम्ही त्याचे. कितीतरी गावांनी देऊन टाकलं. उरलेली गावं कॉरिंथजवळ एकत्र बसली. ती एकमेकांची मित्र नव्हती. अथेन्सचं शेजारच्या एजायना बेटाशी युद्ध चालू होतं. तिथे पहिला ठराव युद्धाचा नव्हताच. पहिला ठराव हा, की आपापसातली भांडणं आधी मिटवायची. आणि मग आरमाराचा सेनापती कोण, यावर गाडी अडली. सगळ्यांत जास्त जहाजं अथेन्सची, पण बाकीचे म्हणाले, अथेन्सच्या हाताखाली आम्ही लढणार नाही. मी फरशीवर अथेन्स होऊन उभी होते. तुम्ही मला विचारलंत, "काय करशील?" मी म्हटलं, "काहून? जहाजं आमची, सेनापती आमचा." तुम्ही म्हणालात, "अथेन्सनं सोडलं. म्हणाले, स्पार्टाचा होऊ दे." मला खरंच वाटेना.

आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही महादेवपुऱ्याला आलात. दोन बस बदलून, उन्हात, स्वेटर हातात घेऊन. आमच्या क्लबहाउसमध्ये उभे राहिलात आणि म्हणालात, "बावीस वर्षं गणपती मी बसवतो. यंदापासून तुम्ही बसवा. कार्यक्रम तुमचे, वेळा तुमच्या. मी खुर्च्या मांडतो." मग तुम्ही व्यंकटरावांच्या घरी गेलात. अकरा वर्षं त्यांच्याशी तुमचा अबोला. कशावरून, तर नाटकात त्यांचा प्रवेश तुम्ही कापला होता. दारातच म्हणालात म्हणे, "भांडण मतदान झाल्यावर पुढे चालू करू, तोपर्यंत स्वल्प थांबवू या का?" व्यंकटरावांनी दार लावून घेतलं. तुम्ही हसत हसत सांगितलंत हे आम्हाला.

मी तुम्हाला शब्द दिला. क्लबहाउसमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. "अण्णा, चाळीस माणसं आणते. बस करते. दहाच्या ठोक्याला दारात उभी." तुम्ही डोळे पुसलेत. मला काय अभिमान वाटला स्वतःचा!

आता खरं सांगते. सभेच्या आदल्या बुधवारी अध्यक्षांचा मला फोन आला होता. गोड बोलले. म्हणाले, नवी इमारत झाली की मंडळ तुम्हा तरुणांनीच चालवायचं आहे, सांस्कृतिक चिटणीस म्हणून तुमच्याशिवाय माझ्या डोळ्यांसमोर कुणी नाही. मला त्यांनी तुमच्याविरुद्ध मत द्या असं सांगितलं नाही. "तुम्ही समजूतदार आहात, घाई करू नका," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "बघू सर," म्हटलं. फोन ठेवल्यावर मला आतून गुदगुल्या होत होत्या, अण्णा. चिटणीस! नागपूरहून आलेली, नऊ वर्षं या शहरात भाड्याच्या घरात राहणारी मी, आणि मला कुणीतरी विचारतंय. मला सभागृह वाचायलाही हवं होतं आणि ते पद गेलेलंही चालणार नव्हतं. मी मनाशी हिशेब मांडला की मतदान संपल्यावर पोचायचं. तुम्ही जिंकलात तर मी तुमची, निघालेच होते. ते जिंकले तर मी विरोधात मत दिलेलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता बस निघाली. कुणी उशीर केला नाही. तेवढं तरी तुम्हाला कळायला हवं. लेकुरवाळ्या बायका, रात्रपाळी करून आलेले दोघं, सगळे वेळेवर. सुलभाकाकू नवी साडी नेसून पुढच्या सीटवर. रविवार, रस्ता मोकळा. इतका मोकळा की नऊच्या आतच पोचलो असतो. मी ड्रायव्हरला सांगून इंदिरानगरला बस आत वळवली. एका दर्शिनीपाशी, उभ्यानं खायच्या हॉटेलापाशी, थांबवली आणि उठून जाहीर केलं, "सभा बारावर गेली आहे, मेसेज आलाय. आरामात नाश्ता करा." कसला मेसेज आणि कसलं काय. रवा इडली झाली, वडे झाले, एकीत दोघं अशी बाय-टू कॉफी झाली. मंडळाच्या सभेत बसलेल्या एका मैत्रिणीला मी दर दहा मिनिटांनी विचारत होते, काय चाललंय, कुणाचं पारडं जड आहे. आणि तुमचे फोन येत होते. तिसरा उचलला. तुम्ही म्हणालात, "कुठे पोचलात? आम्ही स्वल्प कमी पडतोय गं." मी म्हटलं, "अण्णा, काय सांगू, ट्रॅफिक! टिन फॅक्टरीच्या सिग्नलपाशी अर्धा तास झाला, चाक हललेलं नाही." मागे कॉफीच्या स्टीलच्या पेल्यांचा खणखणाट चालू होता. तुम्ही म्हणालात, "सरी, सरी. सावकाश या. माणसं सांभाळ."

बेंगळुरूत ट्रॅफिक म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. लग्नाला न पोचलेल्या सख्ख्या मामालाही इथे लोक माफ करतात. ते माहीत होतं म्हणूनच मी ते कारण निवडलं.

आम्ही पावणेबाराला पोचलो. मतदान संपलं होतं आणि तुम्ही जिंकला होतात. चार मतांनी. आमच्याशिवाय. ती मतं कुठून आली ते नंतर कळलं. व्यंकटराव नातवाला घेऊन व्हीलचेअरवर आले होते, आणि बरोबर अध्यक्षांच्या गटातल्या दोन घरांना ओढून आणलं होतं. तुमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, मत देऊन कोपऱ्यात बसून राहिले. तुम्ही पायऱ्या उतरून आमच्या बसपाशी आलात. चेहरा नुसता फुललेला. "आलात! बन्नी, बन्नी, या. फार त्रास झाला का वाटेत?" आणि मी, अण्णा, मी कपाळावर हात मारून म्हटलं, "विचारू नका!" तुम्ही स्वतः मला पाण्याचा पेला आणून दिलात. मग नारळ माझ्या हातात दिलात, म्हणालात, "महादेवपुऱ्याच्या हातून फुटू दे." मी फोडला. एका फटक्यात फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी बिसीबेळे भात केला होता. मी पंगतीत बसले आणि दोनदा मागून घेतला.

पुढचे चार महिने मी एकही रविवार चुकवला नाही. गणपतीच्या बैठका घेतल्या, ग्रंथालयाची कपाटं पुसली, अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. लोक म्हणायचे, अनघा म्हणजे अण्णांचा उजवा हात. मी जेवढं जास्त करत होते तेवढं सांगणं अवघड होत होतं. आता सांगितलं तर हे सगळं खोटं ठरेल, असं वाटायचं. ते खोटं होतंच की. नाही, सगळं नव्हतं. अक्कांचा हात धरून रस्ता ओलांडायचे तेव्हा मी खरीच होते. तुम्ही काय समजायचं ते समजा.

आणि मग तो रविवार आला. सलामिसची लढाई संपली होती, इराणी आरमार बुडालं होतं. तुम्ही म्हणालात, आज जे आले नाहीत त्यांच्याबद्दल बोलू. अर्गोस तटस्थ राहिलं. सिसिलीचा राजा म्हणाला, मला सेनापती करा तर येतो. आणि कॉर्फू. कॉर्फूनं ग्रीकांच्या दूतांना सगळ्यांत मोठा शब्द दिला होता. साठ जहाजं भरली, खरोखर निघाली. आणि दक्षिणेच्या किनाऱ्याला नांगर टाकून बसली. कोण जिंकतं ते बघत. इराणी जिंकला तर सांगता येईल, आम्ही तुमच्याविरुद्ध आलो नव्हतो. ग्रीक जिंकले तर सांगायचं, आम्ही निघालोच होतो, पण मालेआच्या भूशिरापाशी वारा उलटा होता. तसंच सांगितलंही त्यांनी.

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. खडू घेऊन, वाकून, चपलांच्या रॅकपाशी ते बेट काढत होतात. म्हणालात, "वारा असेलही खरा. आपण काही तिथे नव्हतो. त्यांचं त्यांना माहीत."

मला भडकायचं काही कारण नव्हतं. कुणीही मला काही म्हटलं नव्हतं. पण मी सुटले. म्हटलं, "काय चुकलं त्यांचं? लहान बेट, एकटं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हरले असते तर त्यांच्या लेकराबाळांना कोण वाचवणार होतं, अथेन्स? ज्याला दोन्हीकडे निभवायचंय त्यानं काय करावं?" तुम्ही म्हणालात, "निभवणं चुकीचं नाही गं. पण निघालो म्हणून सांगितल्यावर दुसरे तुमच्या भरवशावर उभे राहतात." तेवढंच. आणि मी म्हटलं, "तुम्हाला काय जातं अण्णा, इथे बसून दुसऱ्यांचं शौर्य सांगायला? तुमचं आयुष्य होऊन गेलंय. आम्हाला अजून या शहरात राहायचंय."

हे मी तुम्हाला म्हटलं. चार दिवसांनी तुम्ही गेलात, आणि माझ्या तोंडून तुमच्यासाठी निघालेलं शेवटचं वाक्य ते आहे. मी पर्स उचलली. तुम्ही माझ्यामागे दारापर्यंत आलात. "अनघा, स्वल्प थांब. पुढच्या रविवारी कॉर्फूचंच घेऊ. तू बोल, मी ऐकतो. मध्ये तोंड घालणार नाही." मी वळूनही पाहिलं नाही. रागात नव्हते, अण्णा. चेहरा दिसू नये म्हणून वळले नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी अक्कांकडे बसले होते. त्यांनी तुमची वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "रंगाऱ्याला द्यायची होती. सभागृहात बोर्ड लावायचा होता म्हणे, त्या दिवशी जे जे आले त्यांच्या नावांचा. ह्यांचं अक्षर तुलाच लागतं." मला आठवलं. ग्रीकांनी जिंकल्यावर तीन सापांच्या वेटोळ्यांचा खांब केला होता देवाला, आणि त्यावर सगळ्या गावांची नावं कोरली होती. कुणाची किती जहाजं ते न लिहिता. त्यात टेनोस नावाच्या बेटाचंही नाव होतं, ज्याचं एकच जहाज ऐन वेळी इराण्यांकडून निघून इकडे आलं. तुमच्या यादीत व्यंकटरावांचं नाव पहिलं होतं. मग बसवनगुडीची घरं. शेवटच्या पानावर: महादेवपुरा, चाळीस जण. सगळी नावं, माझ्यासकट. आणि खाली बारीक अक्षरात, "वाऱ्यामुळे उशीर झाला."

वारा. ट्रॅफिक नाही.

मी अक्कांना विचारलं, "अण्णांना माहीत होतं?" अक्का शेंगा सोलत होत्या, हात थांबवला नाही. "त्याच दिवशी. तुमच्या सुलभाबाई पंगतीत म्हणाल्या, भात थोडाच वाढा, इंदिरानगरला इडली झाली, दोन दोन कॉफ्या झाल्या. मी ह्यांना संध्याकाळी म्हटलं, विचारा त्या पोरीला. तर म्हणाले, सांगेल ती. स्वल्प थांब." मग शेंगांची साल कागदात गुंडाळत म्हणाल्या, "दर रविवारी निघताना म्हणायचे, आज सांगेल बहुतेक."

चार महिने, अण्णा. सोळा-सतरा रविवार तुम्ही हे म्हणत घरातून निघत होतात, आणि मी येऊन कपाटं पुसत होते. मला तुम्ही झापलं असतंत तर बरं झालं असतं. भर वर्गात नाव घेऊन सांगायचं होतं, ही कॉर्फू. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तुमच्या त्या चांगुलपणाचा मला या दिवसांत किती राग आला म्हणून सांगू! आणि त्या रागाचीही लाज वाटते. तुम्ही दार उघडं ठेवून बसला होतात, आणि मीच बाहेर उभी राहिले.

शोकसभेत यादी मी वाचावी असं ठरलं. उजवा हात ना मी! सभागृह भरलेलं, लोक पायऱ्यांपर्यंत. व्यंकटराव पहिल्या रांगेत, खाली मान घालून. आमच्या सोसायटीचे सगळे आले होते, पुन्हा बस करून. या वेळी मी नव्हते त्यात, म्हणून ते वेळेवर पोचले. मी ठरवलं होतं की महादेवपुऱ्याची एकोणचाळीस नावं वाचायची, माझं गाळायचं आणि खाली बसायचं. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तसं वाचलंही. वही मिटली. पण खाली बसले नाही. मग माईकवर सगळं सांगितलं. अध्यक्षांचा फोन, नाश्ता, मेसेज आल्याची थाप, टिन फॅक्टरी. तुम्हाला चार महिने माहीत होतं हेही सांगितलं. "हे एकोणचाळीस जण वेळेत निघाले होते. त्यांना मी अडवून ठेवलं. अण्णांची मी माफी मागते," म्हटलं. मला वाटलं, आता सुटले. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंसुद्धा वाटलं. एवढ्या लोकांसमोर कबूल करायला हिंमत लागते, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

सभा संपली. बेंगळुरूची माणसं तोंडावर बोलत नाहीत. आमची नागपूरची असती तर एव्हाना धुऊन काढली असती. मी चपला घालत होते तेव्हा सुलभाकाकू काठी टेकत आल्या. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

"मी तुला दोनदा विचारलं होतं गं," त्या म्हणाल्या. "अनघा, उशीर नाही ना होत? तू म्हणालीस, काकू, आणखी एक कॉफी घ्या. मी घेतली. मला वाटलं, किती करते ही पोरगी सगळ्यांचं." मग म्हणाल्या, "अण्णा मला स्पार्टा म्हणायचे. मला यायचं होतं गं त्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी मत द्यायला निघाले होते मी."

आणि त्या बसमध्ये जाऊन बसल्या. मी मेट्रोनं घरी आले.

अण्णा, मी माफी मागितली ती तुमची. तुम्ही तर मला केव्हाच माफ करून टाकलं होतं, त्यात माझी काय मोठी हिंमत! त्या बाईंची मागितली नाही. त्यांच्यासमोर उभी होते आणि चपलेचा पट्टा लावत राहिले. तीन दिवस झाले. रोज ठरवते की संध्याकाळी जाईन. मग म्हणते, आधी अण्णांना सगळं नीट लिहू, मन शांत होऊ दे, मग जाऊ. हे लिहायला घेतलं तेव्हा मला वाटत होतं, मी तुमच्यासाठी लिहितेय. आत्ता इथपर्यंत आल्यावर दिसतंय की मी पुन्हा तेच करतेय. नाश्ताच चाललाय माझा.

तेव्हा पुरे. सुलभाकाकू सी ब्लॉकला राहतात, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या लिफ्टपासून चालत दोन मिनिटं. घरी आहेत, गॅलरीत दिवा दिसतोय. मी निघते.